दुपारचं नेट कुठं जातं?

आधी प्रश्न सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एका ताईंनी विचारलंय. गोव्यात वाळपईपासून सातेक किलोमीटरवर त्यांचं गाव आणि घर कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, पलीकडे. रस्त्यावरच्या खांबावर पेटी आहे, तिथून फायबरची काळी वायर पोफळींवरून घरापर्यंत येते, अंदाजे साडेतीनशे मीटर. ताई घरी बसून पणजीतल्या काही दुकानदारांचे हिशेब ठेवतात, जीएसटीची रिटर्न्स भरतात. आठ महिने झाले, नेट दुपारी तुटतं आणि मोडेमवर लाल दिवा लागतो. कधी दोन मिनिटं, कधी तासभर. सकाळी ठीक, रात्री ठीक. कंपनीने मोडेम तीनदा बदलला. दर वेळी माणूस सकाळी आला, "पावर उणे २४ आहे, लिमिटमध्ये आहे" म्हणाला आणि तक्रार बंद झाली. शेजारच्या घरी त्याच पेटीतून जोडणी आहे, तिथे उणे १९ दिसतं आणि काही त्रास नाही. आता म्हणतात, सगळी वायर बदलून घ्या, साडेतीन हजार रुपये भरा. भरावेत का, की कंपनीच बदलावी?

ताई, सध्या दोन्ही नको. कंपनी बदललीत तर नवीन माणूस त्याच पोफळींवरून, बहुतेक त्याच पद्धतीने वायर ओढेल आणि पुढच्या मार्चपर्यंत तुम्ही पुन्हा इथेच याल. वायर बदलणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तुमच्या बाबतीत वायर बदलूनही अर्धा बिघाड तसाच राहील अशी मला शंका आहे. का, ते सांगतो.

माझी बत्तीस वर्षं लायनीवर गेली. पहिली अठरा तांब्याच्या तारांवर, पुढची काचेवर, म्हणजे फायबरवर. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. जो बिघाड चार माणसं येऊन गेल्यावरही टिकतो, तो बहुधा एक नसतो, दोन असतात. एक स्थिर आणि एक येणारा-जाणारा. दोन्ही छोटे. एकेकटे असते तर तुम्हाला पत्ताही लागला नसता. दोघांची बेरीज झाली की लाइन तुटते. येणाऱ्या माणसाने एक काढला, तर दुसरा त्याला दिसत नाही, कारण लाइन तेवढ्यापुरती उभी राहते. तो तक्रार बंद करून जातो. तो खोटं बोलत नसतो.

आता तुमचे आकडे बघू. उणे १९ आणि उणे २४ हे डीबीएममध्ये आहेत, म्हणजे घरात पोचणाऱ्या उजेडाचं माप. आकडा जितका उणे, उजेड तितका कमी. ३ ने घसरला की उजेड अर्धा होतो, १० ने घसरला की दहावा हिस्सा उरतो. तुमच्यात आणि शेजाऱ्यात ५ चा फरक आहे. त्यांच्याकडे शंभर रुपये पोचत असतील तर तुमच्याकडे बत्तीस पोचतात. पेटी एकच, कंपनीचं मशीन एकच, वाळपईपासूनची केबल एकच. मग अडुसष्ट रुपये कुठे गेले? पेटीत तुमची वायर ज्या भोकात खुपसलीय तिथपासून मोडेमच्या पाठीपर्यंतच्या साडेतीनशे मीटरमध्येच. एवढ्यावरूनच सात किलोमीटरचा रस्ता शोधातून वजा होतो.

"लिमिटमध्ये आहे" हे वाक्य मला आवडत नाही, तेही सांगून टाकतो. आपल्याकडे घरोघरी जे मोडेम लावतात त्यांची मर्यादा साधारण उणे २७ असते. त्याखाली उजेड गेला की लाल दिवा. उणे २४ मर्यादेच्या आत आहे, खरंच आहे. पण दर वर्षी पंच्याऐंशी टक्के मिळवणारा मुलगा एकदम छत्तीसवर आला तर पास झाला म्हणून कोणी पेढे वाटत नाही. लाइन पास झाली का हे विचारायचं नसतं, तिला किती मिळायला हवे होते ते विचारायचं असतं. आणि तो हिशेब अवघड नाही. मशीनमधून उजेड निघतो साधारण अधिक ३ वर. सात किलोमीटर काचेत दोनेक जातात. मधे एक उजेड चार घरांत वाटणारा आणि एक आठ घरांत वाटणारा असे दोन वाटप-डबे धरले, तर तिथे साडेसतरा-अठरा जातात. सगळ्यात मोठा खर्च तोच. जोडांत आणि कनेक्टरात दीड-दोन. ३ मधून साडेएकवीस गेले, उरले उणे साडेअठरा. शेजाऱ्यांचा आकडा बघा: १९. त्यांची लाइन हिशेबाला धरून आहे, तुमची नाही.

म्हणजे सकाळी, सगळं "ठीक" असताना, तुमचे पाच आधीच गेलेले असतात. मर्यादेपर्यंत शिल्लक तीन. दुपारी आणखी कुठेतरी तीन-साडेतीन गेले की खेळ संपला. शेजाऱ्यांचे दुपारी तीन गेले असते तरी ते उणे बावीसवर आरामात बसले असते.

आता हे दोन चोर वेगवेगळे कसे ओळखायचे? इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. ती आमच्या धंद्यातल्या बऱ्याच मुलांना कोणी शिकवतच नाही. तुमच्या एकाच काचेतून दोन उजेड धावतात. मशीनकडून घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, घरातून मशीनकडे जाणारा १३१० चा. काच कुठे नको तितकी वाकली, तर लांब लहरीचा उजेड आधी बाहेर निसटतो. म्हणजे येणारा १४९० वाला जास्त मरतो, जाणारा १३१० वाला कमी. पण कनेक्टर घाण असला, नीट घुसलेला नसला किंवा चुकीचा असला, तर दोन्ही जवळजवळ सारखेच मरतात. म्हणून घरचा आकडा आणि कंपनीच्या मशीनवर तुमच्या मोडेमचा पोचलेला आकडा, हे दोन्ही एकाच वेळी मिळाले, तर पोफळीवर न चढता कळतं की वायर वाकली आहे की टोक खराब आहे. घरचा आकडा मोडेमच्या पानावर मिळतो, म्हणजे ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाकला की उघडतं त्या पानावर. दुसरा फक्त कंपनीच्या नियंत्रण कक्षातला माणूस सांगू शकतो. फोन करताना "स्पीड येत नाही" म्हणू नका, त्याने समोरच्याच्या कागदावरचा वेगळाच रकाना उघडतो. "ओएलटीवर माझ्या ओएनटीचा आरएक्स किती आहे, सकाळी आठचा आणि दुपारी तीनचा" असं विचारा. ओएलटी म्हणजे कंपनीचं मशीन, ओएनटी म्हणजे तुमचा मोडेम, आरएक्स म्हणजे पोचलेला उजेड. समोरचा दोन सेकंद गप्प होईल. मग बहुतेक वेळा सांगतो.

माझा अंदाज: तुमचे सकाळचे पाच दोन्ही बाजूंनी सारखे गेलेले निघतील, आणि दुपारचे तीन फक्त येणाऱ्या बाजूला. म्हणजे एक खराब टोक आणि एक वाकण. अंदाज एवढ्या ठामपणे सांगतोय कारण हीच गोष्ट मी एकदा स्वतः अर्धवट सोडून आलो होतो.

म्हादई नदीपलीकडचं एक कुळागर. तक्रार सात महिन्यांची, माझ्याआधी चार जण जाऊन आलेले. पहिल्याने मोडेम बदलला. दुसऱ्याने त्याचा अडॅप्टर. तिसऱ्याने घरातलं टोक कापून नवं केलं आणि खरंच दीडेक डीबी (वरच्या आकड्यांतला फरक डीबीत मोजतात) मिळवले, म्हणून त्याला वाटलं काम झालं. चौथ्याने पेटीतलं भोक बदललं. मी पाचवा. गेलो सकाळी आठला. आंगणात चहा प्यालो, उजेड मोजायचा मीटर लावला, उणे २२, काही हलेना, परत आलो. तुमच्याकडे येणारी माणसंही सकाळी का येतात माहीत आहे? सकाळी ऊन नसतं आणि लांबच्या गावांच्या तक्रारी आधी उरकायच्या असतात. पण दुपारचा बिघाड सकाळी जाऊन पाहणं म्हणजे दशावताराला सकाळी दहाला जाऊन बसण्यासारखं.

दुसऱ्यांदा तीन वाजता गेलो. घरातल्या टोकाला मीटर लावून बसलो. मार्च महिना, समुद्रावरून वारा सुटलेला, आणि दुपारनंतर तो आत डोंगरापर्यंत पोचतो. मीटरवर २२, मग २५, २७, पुन्हा २३. झुळूक आली की आकडा घसरतोय, गेली की वर येतोय. मी मीटर घरातल्या मुलाच्या हातात दिला, आकडे ओरडून सांगायला लावलं आणि वायरीखालून चालत गेलो. तिसऱ्या पोफळीला वायर बांधायच्या तारेने आवळून बांधलेली होती. तिथून ती जवळजवळ काटकोनात वळत होती. पोफळ वेताइतकी लवचीक. ती डुलली की त्या कोनात काच मुडपायची. मागाहून कळलं, सुपारी उतरवायला आलेल्या पाडेलीने वाटेत येते म्हणून वायर एका झाडावरून सोडून दुसऱ्यावर बांधली होती. त्याने आपल्या परीने नेटकंच बांधलं होतं. वायर विजेची असती तर काहीच बिघडलं नसतं.

तार कापली, वायर सैल केली, सुंभाने मोठं वळण देऊन बांधली. आकडा २२ वर स्थिर झाला, वाऱ्याने हलेना. त्या आनंदात मीही तक्रार बंद केली. हिशेबाने तिथे साडेअठरा यायला हवे होते, हे मला माहीत होतं. पण सहा वाजले होते, नदीपलीकडून परत यायचं होतं, आणि लाइन चालू होती.

जूनचा पहिला पाऊस पडला आणि तिथूनच फोन. आता सकाळ-दुपार काही नाही, पाऊस सुरू झाला की बंद. या वेळी सुरुवात पेटीपासून केली. पेटीत त्यांच्या भोकात घुसलेलं टोक निळं, आणि भोक हिरवं.

हे जरा समजून घ्या, कारण तुमचा पहिला संशयित हाच आहे. फायबरचे कनेक्टर हिरवे आणि निळे दोन असतात. रंग शोभेला नाही. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन तिरकी टोकं एकमेकांना बरोबर भिडतात, दोन सरळही भिडतात. तिरकं आणि सरळ समोरासमोर आलं तर मधे हवेची फट राहते. मापाने दोन्ही एकमेकांत बसतात, टक्‌ आवाजही येतो, आणि तीन-चार डीबी तिथेच सांडतात. घाईत असलेल्या कोणाकडे त्या दिवशी हिरवे संपले होते, निळं लावून गेला. पावसाळ्यात त्या फटीत दमट हवा आणि धूळ जाऊन बसली, आणि जे साडेतीन होते ते इतके वाढले की लाइन मर्यादेखाली गेली. हिरवं टोक लावलं. आकडा उणे १८.७. त्या घरातून पुन्हा फोन आला तो चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, जेवायला बोलवायला.

त्या लायनीवर गेलेल्या पाचांपैकी कोणीच चूक केली नव्हती असं नाही, पण प्रत्येकाने लाइन चालू करून दिली होती. चालू करणं आणि दुरुस्त करणं यात तिथे साडेतीन डीबीचा फरक होता.

तर तुमच्याकडे काय करायचं. आधी एक खात्री करून घ्या, की नेट जातं तेव्हा खरंच उजेडच जातो. मोडेमच्या पानावर सहसा वेळेचे दोन आकडे दिसतात, मोडेम चालू होऊन किती वेळ झाला आणि जोडणी लागून किती वेळ झाला. नेट गेल्यावर मोडेमचीच वेळ शून्यापासून सुरू झाली असेल, तर तो बंद पडून चालू झालाय. मग काचेचा काही संबंध नाही, अडॅप्टर नाहीतर तुमच्या घरचा वीजदाब बघा. आपल्या गावांत संध्याकाळी पंप आणि मिक्सर एकदम लागले की दाब पडतो, आणि जुना झालेला बारा व्होल्टचा अडॅप्टर तेवढ्यात मान टाकतो. मोडेमची वेळ चालू राहिली आणि लाल दिवा लागला, तर उजेड गेला. दोन्ही ठीक, लाल दिवाही नाही आणि तरी नेट नाही, तर बिघाड कंपनीच्या आतल्या बाजूला किंवा तुमच्या वायफायमध्ये. वायफायचं म्हणाल तर, चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल नीट जात नाही. मागच्या पडवीत बसून काम करत असाल तर एकदा लॅन वायर लावून दुपार काढून बघा. तुमच्या पत्रात लाल दिव्याचा उल्लेख आहे, म्हणून मी उजेडावर आलो. तरी वेळा बघून घ्या.

मग एक वही करा. दहा दिवस पुरे. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा, मोडेमच्या पानावरचा आकडा. फोनने पानाचा फोटो काढला तरी चालेल, त्यावर वेळ आपोआप येते. सोबत एकच शब्द: वारा, ऊन, पाऊस, काहीच नाही. नेट तुटलं ती प्रत्येक वेळ लिहायची गरज नाही, त्याने वही भरते आणि कोणी वाचत नाही. आकडा तुटण्याआधी हळूहळू घसरतो की धाडकन, हे मात्र एखाद्या दुपारी पान उघडं ठेवून बघा. वाऱ्याने हलणारी वायर आकडा नाचवते. उन्हाने तापणारी पेटी तो सावकाश उतरवते. चिरडलेली वायर, म्हणजे कपाटामागे किंवा खिडकीच्या चौकटीत दाबलेली घरातली फायबरची पांढरी दोरी, आकडा एकदाच पाडते आणि तिथेच ठेवते. चवथीच्या आधी घरोघरी रंगकाम निघतं. रंगारी कपाट ओढतो, परत ढकलतो, आणि आमचे फोन वाजायला लागतात.

सुट्टीच्या दिवशी, वारा असताना, वायरीखालून एक फेरी मारा. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. कुठे तारेने आवळलीय, कुठे कोनात वळलीय, कुठे काळा टेप मारलेला जोड दिसतोय. साध्या फायबरला साधारण तीन सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण सोसत नाही, म्हणजे वाटीच्या तोंडापेक्षा घट्ट वळण दिसलं की संशय घ्या. घरी येणाऱ्या वायरीत हल्ली जास्त वाकणारी काच असते, ती एक सेंटीमीटरपर्यंतही सांभाळून घेते. पण तुमच्या वायरीत कोणती आहे ते खालून दिसणार नाही. शेकरू आणि माकडं हाही मुद्दा आहे. शेकरूने कुरतडलेली वायर पूर्ण तुटत नाही कधीकधी, नुसती सोलली जाते आणि पावसाळ्यात त्रास देते. आणि पेटीत हुमल्यांचं (चावऱ्या लाल मुंग्यांचं) घरटं झालं असेल तर ते ज्याला उघडायचंय त्याला आधी सांगा. मी न सांगता उघडलेली एक पेटी मला अजून आठवते.

दोन गोष्टी करू नका. मोडेममागचं हिरवं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही, पण तो असतो. आणि ते टोक ओढणीला, रुमालाला पुसू नका. काचेचा जो भाग उजेड नेतो तो नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. रुमालाचा एक तंतूही त्यापेक्षा मोठा. सॅनिटायझरने तर अजिबात नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, वाळल्यावर थर राहतो. हे पुसायची वेगळी पेनासारखी वस्तू येते, ती येणाऱ्या माणसाकडे असायला हवी. नसली तर तो तुमच्या घरून जे टोक काढून परत लावेल ते आधीपेक्षा घाण होऊन लागेल. खांबावर चढायचं तर नावच नको. आपल्याकडे बरेचदा फायबरची पेटी वीज खात्याच्या खांबावर असते.

दहा दिवसांची वही हातात आली की तक्रार करा आणि माणूस दुपारी तीनलाच पाठवा असं तक्रारीतच नोंदवून घ्या. आला की त्याने काय करायला हवं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला नजर ठेवता येईल. मीटर १४९० वर लावलेला असावा. त्याने आधी पेटीतल्या तुमच्या भोकातून थेट उजेड मोजावा. तिथे साधारण उणे साडेअठरा आले तर पेटीपर्यंत सगळं बरं. मग तुमची वायर भोकात लावून दुसरं टोक घरात मोजावं. मधला फरक एकपेक्षा जास्त असू नये. साडेतीनशे मीटर काचेत जेमतेम दशांश डीबी जातो, बाकी दोन टोकांचं. फरक पाच आला, तर पेटीतलं टोक बदलून पुन्हा मोजावं, मग घरातलं. एका वेळी एकच गोष्ट. दोन्ही टोकं एकदम कापून बदलली तर लाइन सुधारेल, पण काय खराब होतं ते कधीच कळणार नाही, आणि चवथ झाल्यावर तुम्ही मला पुन्हा लिहाल.

त्याच्याकडे ओटीडीआर नावाचं यंत्र असेल तर भाग्य. ते काचेत उजेडाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून कुठल्या मीटरवर काय आहे ते दाखवतं. तुमची वायर पेटीतून सोडवून, घरातून पेटीकडे दोन ठोके मारायला सांगा, एक १३१० चा आणि एक १५५० चा. दोन्ही आलेखांत पायरी सारखीच दिसली तर तो जोड किंवा टोक. १५५० मध्ये मोठी आणि १३१० मध्ये बारीक दिसली तर ते वाकण, आणि आकडा सांगतो की घरापासून किती मीटरवर. मग पोफळी मोजत जायचं. हे यंत्र महाग, आणि एका घराच्या तक्रारीसाठी ते वाळपईहून निघत नाही. म्हणून मीटर आणि वारा यांच्यावर भागवायला शिकावं लागतं. लाल उजेडाची विजेरी असते, ती पांढऱ्या दोरीतलं वाकण झगझगीत दाखवते, पण काळ्या वायरीच्या कातडीतून काही दिसत नाही. ती लावून "वायर चांगली आहे" म्हणाला तर मान डोलवू नका.

"दोन बिघाड" हे काचेचंच वैशिष्ट्य आहे असं वाटू नये म्हणून तांब्याचं एक सांगतो, थोडं विषयांतर. पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा पेडण्यातून एक तक्रार असायची: नेट जातं, आणि कोणी फोन केला की येतं. ऑफिसात लोक हसायचे. पण ते खरं होतं. जोडावर गंज चढला तरी बोलणं पलीकडे पोचतं, पण नेटचा सिग्नल तिथे अडखळतो. फोन वाजताना तारेवर पंचाहत्तरेक व्होल्ट येतात, त्याने गंजाचा पापुद्रा तेवढ्यापुरता फुटतो आणि नेट पुन्हा लागतं. गंमत म्हणजे एक्स्चेंजमधून लाइन तपासतानाही व्होल्टेज जातं. म्हणजे तपासलं की बिघाड बरा व्हायचा आणि कागदावर "लाइन ओके". त्यात घरात समांतर काढलेली दुसरी वायर आली की दुसरा बिघाड तयार. गंज काढला तरी समांतर वायर उरायची, समांतर वायर काढली तरी गंज. एकाच दिवशी दोन्ही काढल्याशिवाय तो माणूस शांत व्हायचा नाही, आणि आम्ही तर एका तक्रारीला एकच कारण लिहायला शिकलेलो.

पैशांचं. वायरीत मधे टेपचे जोड नसतील, कुरतडलेली नसेल, तर साडेतीन हजार देऊ नका. आकडे आल्यानंतर ठरवा. मधे जोड असतील, तर वायर बदलणं योग्यच, पण मग कशी ओढतात ते बघायला उभ्या राहा. झाडांवरून नेणं टाळता आलं तर उत्तम. पाणंदीच्या कडेने पाइपमधून नेली तर खणायचे पैसे जास्त लागतात, पण पाडेली, शेकरू आणि वारा तिघेही सुटतात. झाडांवरूनच न्यायची असेल तर बांधण्याऐवजी अडकवायची, वायरीतल्या स्टीलच्या तारेला हुक लावून, काचेवर ताण न येऊ देता, आणि प्रत्येक झाडाशी एक हात ढील ठेवून.   घराच्या भिंतीवर आत शिरताना वायरीला खाली झोकून मग वर घ्यायला लावा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता झोकावरूनच ठिबकेल. साधी गोष्ट, पण आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर सहज पडतो आणि सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त.

तक्रार पुन्हा न विचारता बंद झाली तर नवी तक्रार टाकू नका, प्रत्येक नवी तक्रार पहिल्या दिवसापासून सुरू होते. जुन्या डॉकेट नंबरवर, म्हणजे तक्रार क्रमांकावर, अपील करा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील ऐकणारी व्यवस्था ठेवावी लागते, आणि अपीलाला पैसे पडत नाहीत. सोबत वहीचे फोटो जोडा. "आठ महिने त्रास आहे" या वाक्याने कोणी हलत नाही. "शेजारी उणे १९, मी सकाळी उणे २४, दुपारी उणे २७.५, पेटी एकच" एवढं वाचल्यावर कुठल्याही इंजिनिअरला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

एक शंका उरते, तीही मांडतो. तुमच्याबरोबर शेजाऱ्यांचंही दुपारी कधी जात असेल आणि त्यांनी लक्ष दिलं नसेल, तर माझं वरचं निम्मं चुकलं. त्यांना विचारून घ्या, आणि त्यांच्या मोडेमच्या पानाचाही दुपारी तीनचा एक फोटो घ्या. त्यांचाही आकडा दुपारी घसरत असेल तर वाकण पेटीच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला आहे, आणि तुमच्या पोफळींना मी उगाच दोष दिला. एखाद्या दुपारी सगळ्या वाड्याचंच एकदम गेलं आणि त्याच वेळी वीजही गेलेली असली, तर ते वेगळं प्रकरण, तिथे मधल्या मशीनची बॅटरी बघायला लागते.

आणि माणूस शिडी लावून पेटी उघडेल तेव्हा खालून एवढंच विचारा, आपल्या भोकातलं टोक हिरवं आहे की निळं. निळं म्हणाला तर शिडी काढायच्या आधी त्याच्या पिशवीत हिरवं आहे का तेही विचारा.